सातारा स्टँडवरून एसटीनं भटकंती: वस्तीच्या गाडीचं गणित

सातारा जिल्हा कमी पैशांत बघायचा असेल तर एसटीला तोड नाही. सातारा विभागाची अकरा आगारं आहेत: सातारा, कराड, कोरेगाव, फलटण, वाई, पाटण, दहिवडी, महाबळेश्वर, मेढा, पारगाव-खंडाळा आणि वडूज. त्यांच्या गाड्या जिल्ह्यातल्या कानाकोपऱ्यात जातात. कास, ठोसेघर, सज्जनगड, बामणोली, वाई, महाबळेश्वर, औंध यांतल्या एकाही ठिकाणासाठी स्वतंत्र गाडी ठरवायची गरज नाही. तरीही बाहेरून आलेले पुष्कळ लोक स्टँडवर उतरतात, फलाटावरचे बोर्ड बघून गोंधळतात आणि बाहेर उभ्या जीपवाल्याशी भाव करायला लागतात. चार दिवसांचे पैसे मग एका दिवसात संपतात. कारण एकच, वेळापत्रक कुणासाठी बनवलंय हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

डोंगरातल्या गावाची एसटी त्या गावाच्या सोयीनं धावते. संध्याकाळची शेवटची फेरी साताऱ्याहून गावात जाते, ड्रायव्हर-कंडक्टर रात्री तिथंच राहतात आणि पहाटे तीच गाडी कॉलेजची पोरं, बाजाराला निघालेल्या बाया, दवाखान्याची आणि कचेरीची कामं असलेली माणसं घेऊन साताऱ्यात येते. हीच वस्तीची किंवा मुक्कामी गाडी. फिरायला आलेल्या माणसाची गरज बरोबर उलटी असते. त्याला सकाळी डोंगरात जायचं असतं आणि अंधार पडता पडता परतायचं असतं. त्याच्या परतीच्या वेळी गाडी गावात येते खरी, पण ती परत फिरण्यासाठी आलेली नसते. ठोसेघर किंवा बामणोलीत अडकणाऱ्यांचं बहुतेक वेळा हेच झालेलं असतं. संध्याकाळी सहाला गाडी आलेली डोळ्यांना दिसते आणि कंडक्टर सांगतो, आता उद्या सकाळी.

यावर दोन उपाय आहेत. पहिला म्हणजे सकाळची बाहेर जाणारी पहिली फेरी पकडायची आणि परतीसाठी शेवटच्या गाडीवर कधीच अवलंबून राहायचं नाही. शेवटच्या आधीची गाडी हीच आपली शेवटची, असं धरून चालायचं. ती चुकली तरी एक हाताशी उरते. दुसरा उपाय म्हणजे संध्याकाळच्या वस्तीच्या गाडीनंच गावात जायचं, तिथं रात्र काढायची आणि पहाटेचे तास पदरात पाडून घ्यायचे. काही ठिकाणांसाठी हा दुसराच उपाय योग्य आहे. त्याबद्दल पुढं सांगतो.

चौकशीच्या खिडकीवर काय विचारायचं, यावर अर्धा दिवस अवलंबून असतो. ‘ठोसेघरला गाडी कधी?’ एवढंच विचारलं तर पुढच्या एका गाडीची वेळ मिळते आणि प्रश्न तिथंच संपतो. विचारायचं ते असं: जाणारी पहिली गाडी किती वाजता, तिथून सुटणारी शेवटची गाडी किती वाजता, आणि ती रविवारी चालते का. हा तिसरा प्रश्न सगळ्यात जास्त विसरला जातो. ग्रामीण फेऱ्यांतल्या बऱ्याच फेऱ्या शाळा-कॉलेजच्या पासवर चालतात. रविवारी, दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांतल्या काही बंद असतात, म्हणजे नेमक्या पर्यटकांच्या दिवशी गाड्या कमी. खिडकीवर सुटण्याच्या वेळा पक्क्या कळतात, पण परतीची खरी वेळ कंडक्टरलाच जास्त ठाऊक असते. म्हणून गाडीत बसल्यावर तिकीट घेताना त्याला पुन्हा विचारावं. ‘मास्तर, परत जायला गाडी कितीला?’ एवढं विचारलं की फेरी कुठून वळते, कुठल्या फाट्यावर थांबलं तर आणखी एखादी गाडी मिळेल, हेही बहुतेक जण आपणहून सांगतात. त्या रस्त्यावर रोज जाणारा माणूस तो. त्याच्याइतकी नेमकी माहिती मोबाइलवरच्या नकाशात नसते.

गौरी-गणपतीच्या आसपास आणखी एक अडचण येते. मुंबईहून कोकणात जाणाऱ्यांसाठी राज्यभरातल्या आगारांतून जादा गाड्या पाठवतात. आषाढी वारीला पंढरपूरकडंही तसंच. गाड्या आणि माणसं तिकडं गेली की गावाकडच्या फेऱ्या कमी होतात. ऑगस्टच्या शेवटापासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत कासचा फुलांचा हंगाम असतो आणि गणपती बहुतेक वर्षी त्यातच येतात. या दिवसांत जायचं असेल तर आदल्या दिवशी स्टँडवर जाऊन उद्याची फेरी खात्रीची आहे का, हे विचारणं भाग आहे.

भाडं किती?

एसटीचं भाडं टप्प्यावर मोजलं जातं आणि एक टप्पा ६ किलोमीटरचा असतो. जानेवारी २०२५ च्या भाडेवाढीनंतर साध्या लाल गाडीला टप्प्यामागे १० रुपये धरले तर हिशेब जवळजवळ बरोबर येतो. अंतराला ६ नं भागायचं, अपूर्णांक आला तर पूर्ण टप्पा धरायचा आणि १० नं गुणायचं. साताऱ्याहून ठोसेघर साधारण २६ किलोमीटर, म्हणजे पाच टप्पे, पन्नासच्या आसपास. वाई ३५ किलोमीटर, साठच्या आसपास. महाबळेश्वर ५६ किलोमीटर, शंभरच्या घरात. शिवशाहीचा टप्पा याहून महाग आहे आणि जिल्ह्यातल्या घाटरस्त्यांवर त्या जादा पैशांचा फारसा उपयोग होत नाही. वेग घाट ठरवतो, गाडी नाही. खिडकी उघडता येणं हा तर लाल गाडीचा मोठा गुण आहे. पसरणी घाटात पावसाळी हवा बंद काचेतून घेण्यात काही अर्थ नाही.

१७ मार्च २०२३ पासून महिलांना एसटीच्या सगळ्या प्रकारच्या गाड्यांत राज्याच्या हद्दीत निम्मं तिकीट आहे. ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना निम्मं आणि ७५ च्या पुढं प्रवास मोफत. त्यासाठी आधार कार्ड किंवा वय दाखवणारं दुसरं ओळखपत्र हातात ठेवावं, सॅकच्या तळाशी नको. म्हणजे दोघी मैत्रिणी साताऱ्याहून महाबळेश्वरला जाऊन परत आल्या तर दोघींचा मिळून खर्च दोनशेच्या आसपास. एवढ्यात दुचाकीचं पेट्रोल निघेल, पण दुचाकी भाड्यानं घेतली तर नाही. तिकिटाच्या मशिनवर आता मोबाइलनं पैसे देता येतात. डोंगरात रेंज जाते, म्हणून दहा-वीसच्या सुट्ट्या नोटा असाव्यात.

‘आवडेल तेथे प्रवास’ या चार आणि सात दिवसांच्या पासाबद्दल बरेच गैरसमज आहेत. पास चांगला आहे, पण साताऱ्यात राहून रोज आसपास फिरणाऱ्यासाठी तो नाही. खिडकीवर चार दिवसांच्या पासाची चालू किंमत विचारा, तिला १० नं भागा आणि ६ नं गुणा. जो आकडा येईल तितके किलोमीटर चार दिवसांत पुरे केले तरच पास फिटतो. समजा किंमत दीड हजार असली तर ९०० किलोमीटर होतात, रोजचे सव्वादोनशे. सातारा–कास–सातारा पन्नास किलोमीटर, सातारा–महाबळेश्वर–सातारा एकशे बारा. जिल्ह्यात कितीही फिरलात तरी आकडा गाठत नाही. महिला आणि ज्येष्ठांना तर निम्म्या तिकिटात फिरणंच स्वस्त पडतं. पास फिटतो तो साताऱ्याहून कोल्हापूर, तिथून रत्नागिरी, मग कोकणातून वर अलिबाग आणि नाशिक अशा लांबच्या फेरीला. तो काढलाच तर काही नियम लक्षात ठेवा. दिवस रात्री बारा ते रात्री बारा असा मोजतात, तुम्ही चढलात त्या वेळेपासून नाही. म्हणून दुपारी प्रवास सुरू होणार असेल तर पास दुसऱ्या दिवसापासून घ्यावा आणि त्या दुपारचं तिकीट वेगळं काढावं. शेवटच्या दिवशी बारा वाजताना गाडीतच असलात तर पुढचं तिकीट लागतं. पास हरवला तर दुसरा मिळत नाही. साध्या गाडीच्या पासावर शिवशाहीत बसता येत नाही, उलट मात्र चालतं.

सज्जनगड आणि ठोसेघर एका दिवसात

हा सगळ्यात सोपा आणि सगळ्यात स्वस्त दिवस, फक्त क्रम चुकवू नये. आधी ठोसेघर, मग सज्जनगड. दोन्ही एकाच रस्त्यावर आहेत. गाडी बोगद्यातून बाहेर पडून पुढं घाट चढते, वाटेत सज्जनगडाचा फाटा लागतो आणि ती पुढं ठोसेघरला जाते. आधी गड केला तर तिथून पुढची गाडी फाट्यावर भरून येते आणि धबधब्याला उशीर होतो.

ठोसेघरचा धबधबा जुलै-ऑगस्टमध्ये भरलेला असतो, पण त्याच दिवसांत दरी धुक्यानं भरते आणि कठड्यावर उभं राहून फक्त आवाज ऐकायला मिळतो. पाणी आणि नजर दोन्ही हवं असेल तर सप्टेंबरचा उत्तरार्ध किंवा ऑक्टोबरची सुरुवात. धुकं असलं तरी लगेच फिरू नये, वारा आला की पडदा काही मिनिटांसाठी बाजूला होतो. खाली उतरण्याचा हट्ट धरू नका. बघण्यासाठी बांधलेल्या कठड्यावरूनच धबधबा पूर्ण दिसतो. पुढं चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या आहेत. गाडीची वेळ जमली तरच तिकडं जावं.

परतीच्या गाडीनं सज्जनगड फाट्यावर उतरून गडाच्या पायऱ्यांपर्यंत चालत जाता येतं. काही गाड्या थेट गडाच्या पायथ्याशी जातात, तेव्हा बोर्ड नीट वाचावा. गडावर समर्थ रामदासांची समाधी आहे. शके १६०३ च्या माघ वद्य नवमीला, म्हणजे १६८२ साली, त्यांनी इथं देह ठेवला. त्यामुळं दासनवमीला गडावर मोठी गर्दी असते. शांतपणे गड बघायचा असेल तर ते दिवस टाळावेत. दुपारी आणि रात्री महाप्रसाद असतो आणि त्याचे पैसे घेत नाहीत. पंगतीत बसायचं, वाढलेलं टाकायचं नाही, आणि उठल्यावर जमेल ते दान पेटीत टाकायचं. मोफत आहे म्हणून रिकाम्या हातानं उठणं बरं दिसत नाही. राहायला भक्तनिवास आहे आणि त्यासाठी ओळखपत्र लागतं. संध्याकाळची आरती झाल्यावर धाब्याच्या मारुतीकडं गेलं की खाली उरमोडी धरणाचं पाणी आणि दूर साताऱ्याचे दिवे दिसतात. रात्री गडाचे दरवाजे बंद होतात, तेव्हा मुक्काम करायचा असेल तर उजेडातच वर पोचावं. साताऱ्यातल्या लॉजचं एका रात्रीचं भाडं इथं वाचतं आणि सकाळची गाडी तर साताऱ्याकडंच जाणारी असते.

कास

कासला एसटीनं जाताना एका गोष्टीचा पक्का बंदोबस्त लागतो: हंगामात पठारावरचा प्रवेश आधी ऑनलाइन नोंदवावा लागतो आणि रोज किती जण आत सोडायचे यावर मर्यादा आहे. शनिवार-रविवारची नोंदणी लवकर संपते. प्रवेश न घेता तिथं पोचलात तर साताऱ्यापासूनचे पंचवीस किलोमीटर वाया. मंगळवार-बुधवार धरावा. गाडीतही बसायला जागा मिळते आणि पठारावरही पाय ठेवायला.

कास काय आहे हे समजून गेलं तर दोन तास कमी पडतात. वर जांभ्याचा कातळ आणि त्यावर वीतभरही नसलेली माती. पावसाळ्यात ती पाण्यानं चिंब असते, पाऊस संपताच कोरडी ठणठणीत होते. त्यामुळं इथल्या बहुतेक वनस्पती चार महिन्यांत उगवणं, फुलणं, बी टाकणं उरकून घेतात. मातीत पोषण जवळजवळ नसतं, म्हणून सीतेची आसवं आणि दवबिंदू यांसारख्या वनस्पती बारीक किडे पकडून खातात. सीतेच्या आसवांची जांभळी फुलं दिसतात वर, पण किडे पकडणाऱ्या पिशव्या असतात खाली, ओल्या मातीत. पावसाळ्याच्या सुरुवातीला पांढरा चवर असतो, मग गेंदाची पांढरी बटणं, सप्टेंबरात गुलाबी तेरडा, आणि मिकी माऊस म्हणून सगळ्यांना ठाऊक असलेली पिवळी कवला. शेवटी सोनकी पठार पिवळं करून टाकते. टोपली कारवी सात वर्षांनी एकदा फुलते, तेव्हा ती दिसलीच पाहिजे असा आग्रह धरून जाऊ नये. २०१२ मध्ये युनेस्कोनं पश्चिम घाटातली जी ३९ ठिकाणं जागतिक वारशात घेतली, त्यांत कास आहे. कुंपण आणि आखलेल्या वाटा बघून कुरकुर करणाऱ्यांनी एवढं ध्यानात घ्यावं की ही माती एकदा बुटांनी दाबली गेली की तिच्यात पाणी मुरत नाही, आणि पुढच्या वर्षी त्या जागी फूल येत नाही. फोटोसाठी फुलांत बसणाऱ्याला तिथल्या तिथं उठवलं पाहिजे.

वेळ सकाळची दहा ते दुपारची एक. ऊन पडल्याशिवाय बरीच फुलं पूर्ण उघडत नाहीत. भुरभुर पाऊस असेल तर कॅमेऱ्यापेक्षा दहा रुपयांचं भिंग जास्त उपयोगाचं. पठारावर सावली नाही, आडोसा नाही. छत्री वाऱ्यात टिकत नाही, रेनकोट न्यावा. पाणी साताऱ्यातूनच भरून घ्यावं. कुमुदिनी तळ्यापर्यंत जुन्या राजमार्गानं चालत जाता येतं आणि बहुतेक गर्दी तिकडं फिरकत नाही. परतताना बामणोलीहून येणारी गाडी बहुतेक वेळा भरलेली असते. साधी गाडी हात दाखवला की थांबते, पण वळणावर किंवा चढावर उभं राहून हात दाखवू नये. सरळ रस्त्यावर, ड्रायव्हरला लांबून दिसेल अशा जागी उभं राहावं.

बामणोली आणि वासोटा

वस्तीची गाडी इथं खरी उपयोगाला येते. वासोटा हा कोयना अभयारण्यातला किल्ला. बामणोलीहून शिवसागर जलाशयातून दीड तासाच्या आसपास बोटीनं मेट इंदवलीला जायचं, तिथं वनखात्याच्या चौकीवर नोंद करायची, जंगलातून दोन-अडीच तास चढायचं आणि संध्याकाळच्या आत परत यायचं. किल्ल्यावर मुक्कामाला परवानगी नाही. साताऱ्याहून सकाळच्या गाडीनं निघालं तर बोट सुटायला उशीर होतो, चढाई उन्हात येते आणि किल्ल्यावरच्या बाबूकड्यावर पोचायच्या आधीच परत फिरायची वेळ होते. म्हणून आदल्या संध्याकाळच्या गाडीनं बामणोलीला जायचं, गावात घरगुती राहण्याची किंवा तंबूची सोय बघायची आणि सकाळी पहिल्या बोटीत बसायचं.

बोटीचं भाडं माणशी नसून बोटीमागे असतं. इथंच एकटा माणूस फसतो. दहा-बारा जणांत वाटलं तर परवडतं, दोघांत अजिबात नाही. शनिवारी-रविवारी बोट क्लबवर सकाळी लवकर गेलं तर अपुऱ्या गटांत जागा मिळते. आठवड्याच्या मधल्या वारांना ती आशा ठेवू नये. बरोबर नेलेल्या प्लास्टिकची चौकीवर मोजणी होते आणि परतताना तेवढंच दाखवावं लागतं. डबा आणि धातूची बाटली नेली की हा प्रश्नच उरत नाही. पावसाळ्यात वासोटा बंद असतो. दिवाळीनंतर फेब्रुवारीपर्यंतचा काळ सगळ्यात चांगला. वासोट्याला जायचं नसलं तरी बामणोलीचा जलाशय बघण्यासाठी एक रात्र घालवणं वाया जात नाही.

वाई, महाबळेश्वर

वाईला गाड्या भरपूर. स्टँडवरून चालत ढोल्या गणपतीच्या घाटावर जाता येतं. हे मंदिर १७६२ साली गणपतराव भिकाजी रास्ते यांनी बांधलं आणि नदीच्या पुराचं पाणी कापलं जावं म्हणून त्याची मागची बाजू माशाच्या आकाराची केली. तिथून मेणवली तीन किलोमीटर. चालत जावं किंवा वडापनं, म्हणजे माणशी भाड्याच्या जीपनं. नाना फडणवीसांच्या वाड्यामागचा घाट हे साताऱ्यातलं सगळ्यात देखणं बांधकाम आहे, असं ठामपणे म्हणता येईल. घाटावरच्या छोट्या देवळातली घंटा वसईच्या मोहिमेनंतर आलेली पोर्तुगीज घंटा आहे. तिच्यावरचं मेरी आणि बाळ येशूचं चित्र जवळ जाऊन बघावं. सकाळी आठच्या आत गेलं तर शूटिंगवाले आणि लग्नाआधीचे फोटो काढणारे नसतात.

महाबळेश्वरला दोन वाटांनी गाड्या जातात, मार्गे मेढा आणि मार्गे वाई. मेढ्याची वाट केळघरच्या घाटातून जाते, शांत आणि हिरवी आहे. पावसाळ्यात दरड पडली तर ती बंद होते आणि गाड्या वाईवरून फिरतात. जाताना मेढा, येताना पसरणी घाट आणि वाई असं केलं तर एका फेरीत दोन घाट बघून होतात. महाबळेश्वरात राहणं महाग आहे, त्याची गरजही नाही. तिथल्या स्टँडवरून महाबळेश्वर दर्शन आणि प्रतापगड दर्शन अशा एसटीच्या फेऱ्या हंगामात सुटतात. टॅक्सीच्या मानानं त्या खूपच स्वस्त पडतात. पण त्या ठरलेल्या जागी ठरलेली मिनिटं थांबतात. प्रतापगडासाठी ती मिनिटं कमी पडतात, म्हणून गड नीट बघायचा असेल तर पोलादपूर-महाडकडं जाणाऱ्या साध्या गाडीनं कुंभरोशीला उतरून वर चालत जावं.

कमी लोक जातात अशी दोन ठिकाणं

औंधचं श्री भवानी संग्रहालय पाहण्यासाठी लोक पुण्या-मुंबईहून मुद्दाम येतात आणि साताऱ्यातले लोक जात नाहीत, याचं वाईट वाटतं. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी १९३८ साली ते उभं केलं. राजा रविवर्म्यांची चित्रं आहेत, आणि इंग्लंडचा शिल्पकार हेन्री मूर याचं माय-लेकराचं दगडी शिल्प डोंगराच्या पायथ्याच्या या गावात आहे. सूर्यनमस्काराचा प्रसार करणारे राजे ते हेच. संग्रहालय सोमवारी बंद असतं. गाडी थेट मिळाली नाही तर रहिमतपूरला उतरून बदलावी. वर मूळपीठ डोंगरावर यमाईचं देऊळ आहे. आधी देऊळ, मग उतरताना संग्रहालय, असं केलं की चढ सकाळच्या थंडाव्यात होतो.

लिंबची बारा मोटेची विहीर तर अर्ध्या दिवसात होते. पुण्याकडं जाणाऱ्या साध्या गाडीनं लिंब फाट्यावर उतरायचं आणि गावातून चालत शेरी भागात जायचं. विनाथांबा गाडी इथं थांबत नाही, चढण्याआधी विचारावं. विहिरीवरच्या शिलालेखातलं साल शके १६४१ ते १६४६ आहे. पुष्कळ जण तेच इसवी सन म्हणून सांगतात आणि विहीर ऐंशी वर्षांनी जुनी करून टाकतात. खरा काळ १७१९ ते १७२४, थोरल्या शाहू महाराजांच्या कारकिर्दीतला. पाण्याच्या वर, विहिरीच्या पोटात दगडी महाल आहे आणि त्याच्या खिडकीतून खाली बघता येतं. तिकीट नाही. उन्हाळ्यात भर दुपारीही आत गारवा असतो.

साताऱ्यात मुक्काम असेल तर अजिंक्यतारा किल्ला आणि चार भिंती हे स्मारक यांना गाडी लागत नाही की पैसे. अजिंक्यताऱ्यावर पहाटे जावं, चार भिंतीला संध्याकाळी. संगम माहुलीला कृष्णा आणि वेण्णा मिळतात. रेल्वे स्टेशन त्याच बाजूला असल्यामुळं ते ठिकाण निघायच्या दिवशी ठेवता येतं. शिवाजी महाराज संग्रहालय स्टँडपासून जवळ आहे. गाडीला दोन तास असतील तर फलाटावर बसून राहण्यापेक्षा तिकडं जावं.

सेवेत काय खटकतं, तेही लिहिलं पाहिजे. ग्रामीण फेऱ्यांच्या वेळा मोबाइलवर खात्रीनं सापडत नाहीत, आरक्षणाच्या ॲपवर फक्त लांबच्या गाड्या असतात. फेरी रद्द झाली तर ती वेळ होऊन गेल्यावर कळते. मधल्या थांब्यांवर निवारा नाही, आणि स्वच्छतागृहांच्या बाबतीत, विशेषतः महिलांसाठी, लहान स्टँडवर अजून बरंच काही करायला हवं. शाळा सुटायच्या वेळी, दुपारी चार ते सहा, गाडीत पाय ठेवायला जागा नसते. सॅक पाठीवरून काढून पुढं धरावी, दारात ठेवू नये. गाडी फलाटाला लागताच खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायची पद्धत अजून आहे. सातारा स्टँडवर गाडी सुटण्याआधी पंधरा-वीस मिनिटं उभं राहिलं तर रुमालाची गरज पडत नाही. मधल्या थांब्यावर चढणाऱ्यानं उभ्यानं जायची तयारी ठेवावी.

रविवारी संध्याकाळी पुण्याला परतायचं असेल तर कोल्हापूर-सांगलीकडून येणाऱ्या गाड्यांची वाट बघत बसू नये, त्या भरूनच येतात. साताऱ्यातूनच सुटणारी स्वारगेट विनाथांबा पकडावी. तिचं तिकीट गाडीत न मिळता बऱ्याचदा खिडकीवर रांगेत घ्यावं लागतं, तेव्हा आधी रांग आणि मग चहा. रांग फार लांब असेल तर रेल्वेचा विचार करावा. स्टेशन गावाबाहेर माहुलीला आहे, रिक्षाचे पैसे धरले तरी जनरलचं तिकीट बसपेक्षा बरंच कमी पडतं. वेळ मात्र जास्त लागतो आणि गाड्या मोजक्या आहेत, म्हणून रिक्षात बसण्याआधी गाडीची त्या दिवशीची वेळ बघून घ्यावी.